‘मा. आमदार’ : माननीय की माजी?

कृष्णाकाठ

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्मरणिका निघते आहे. त्यात एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आहे. ते तीनदा नगरपालिकेवर निवडून आले, एकदा नगराध्यक्ष झाले, एकदा विधानसभेवर गेले, पुढच्या वेळी पडले आणि त्यानंतर पुन्हा आमच्याच वॉर्डातून पालिकेला उभे राहून निवडून आले. आज वय ८६. अजून रोज सकाळी नऊला वाचनालयात पेपर वाचायला येतात. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं.

काल छापखान्यातून प्रूफ आलं. मी ‘माजी आमदार’ लिहून दिलं होतं, तिथे नावाच्या वर ठळक अक्षरांत ‘मा. आमदार’ छापलेलं. विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, “ताई, सगळे असंच छापतात, जागा वाचते.” मी प्रूफ अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि ‘मा.’वर बोट ठेवलं. “हे माननीय असेल तर काढ. माजी असेल तर पूर्ण लिही. आणि आधी मेंबर लिही, आमदार नंतर.”

आता माझ्यापुढे तीन प्रश्न आहेत. ‘मा.’चं नक्की काय करायचं? ‘मेंबर’ला लिहिताना कोणता शब्द वापरायचा: नगरसेवक, सभासद की नगरपरिषद सदस्य? पालिकेच्या जुन्या इतिवृत्तांत अण्णांचं नाव ‘सभासद’ या मथळ्याखाली आहे. एका ठरावाला ते सूचक आहेत, विषय वेशीजवळच्या नळकोंडाळ्याचा. आणि ‘आमदार’ हा शब्द मुळात काय सांगतो? जाणकारांनी कृपया लिहावं.

जुनी पेठ

ताई, अण्णांचं बरोबर आहे. ‘मा.’ हे माननीयचं संक्षिप्त रूप म्हणून इतकं रुळलंय की माजीसाठी ते वापरलं तर वाचणाऱ्याची फसगत होते. पद गेलेलं असताना ते आहे असं वाटावं, म्हणून मुद्दाम ‘मा.’ छापून घेणारेही मी पाहिलेत. छापखान्याला एकच नियम द्या: माजी हा शब्द कधीही तोडायचा नाही. दोनच अक्षरं आहेत त्यात.

‘माजी’ मूळचा अरबी, अर्थ ‘होऊन गेलेला’. फारसीतून आपल्याकडे आला. ‘आजी-माजी’ या जोडीतला ‘आजी’ मात्र आपला, ‘आज’पासून झालेला. दोन वेगळ्या घरचे शब्द केवळ कानाला जुळले म्हणून एकत्र नांदायला लागले. मला ही जोडी फार आवडते. तिच्यात पदावर असलेला आणि नसलेला एकाच ओळीत बसतात.

पदावरून उतरायच्या बेतात असलेल्याला आपण ‘मावळते’ नगराध्यक्ष म्हणतो, सूर्यासाठीचं क्रियापद माणसाला लावून. आणि पद मिळायच्या आधीच फ्लेक्सवर ‘भावी’ लागतं. ‘भावी नगरसेवक’ हा प्रयोग माझ्या लहानपणी नव्हता. तेव्हा ‘इच्छुक’ म्हणायचे, आणि तेसुद्धा पेपरवाले. स्वतःला कोणी म्हणवून घेत नसे.

२०२२ नंतर बऱ्याच पालिकांवर दीर्घ काळ प्रशासक होता. त्या काळात आमच्या गावात ‘आजी’ नगरसेवक एकही नव्हता, सगळेच माजी. लोक तरी त्यांच्याकडेच जात होते, दाखल्यासाठी आणि तुंबलेल्या गटारासाठी. पत्रिकेत मात्र त्यांची नावं कशी छापायची हा पेच पडायचा.

सीमाभाग

‘आमदार’बद्दल लिहितो. आम अधिक दार. ‘आम’ अरबी, म्हणजे सर्वांचा, सामान्य. ‘दार’ फारसी, म्हणजे बाळगणारा, धरणारा. किल्लेदार, फौजदार, हवालदार, तहसीलदार या शब्दांतला तोच. ‘खासदार’ याच घडणीचा. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास ही जोडी आठवली की दोन्ही शब्दांचं नातं लगेच कळतं. कोणी कोणी ‘आमदार’चा संबंध आमदनीशी लावतात, पण ‘खासदार’ शेजारी ठेवला की ते टिकत नाही.

गंमत वाटावी इतका फरक शेजारच्या भाषांत आहे. आमच्या बेळगावात एकाच माणसाला मराठी पेपर आमदार म्हणतो आणि कन्नड पेपर ‘शासक’. मराठी कानाला शासक म्हणजे राज्यकर्ता, हुकूम चालवणारा. कन्नडमध्ये तो शासन म्हणजे कायदा करणारा. दोन्ही पेपर रोज वाचणाऱ्या माझ्या वडिलांना हा फरक समजावून सांगावा लागला नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दर वेळी सांगावा लागतो.

माळवा

इकडे इंदूरला आम्ही घरात मराठी बोलतो, पण आमदाराला ‘विधायक’ आणि नगरसेवकाला ‘पार्षद’ म्हणतो, कारण गल्लीत तेच शब्द आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या आत्याला एकदा सांगितलं, “आज विधायक येणार आहेत,” तर ती म्हणाली, “विधायक काय?” मराठीत विधायक हे विशेषण, विधायक काम, विधायक वृत्ती. गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाला मराठीत विधायक कार्यक्रम म्हणत. हिंदीत तोच शब्द माणसाचं पद झाला. ‘पार्षद’ संस्कृतात परिषदेतला सदस्यही आणि देवाचा सेवक-सोबतीही, विष्णूचे पार्षद असतात तसे. म्हणजे फिरून ‘नगरसेवक’च्या जवळच आलो.

कृष्णाकाठ

खूप आभार. नगरसेवक या शब्दावर कोणी लिहील का? अण्णा तो स्वतःसाठी वापरत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, “सेवक हे लोकांनी म्हणायचं. आपण आपल्याला म्हणू नये.”

नळकोंडाळं

मी दोन वेळा नगरपालिकेत होते, म्हणून थोडं अनुभवाने लिहिते.

कायद्याच्या भाषेत आमची संस्था नगरपरिषद. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याखालची. गाव मात्र तिला नगरपालिका म्हणतं, आणि माझी आजी मुन्शिपाल्टी म्हणायची. सदस्याचंही तसंच. आजीच्या तोंडी ‘मेंबर’ होतं, आणि कामाला ‘मेंबरकी’. वर्तमानपत्रांत पूर्वी ‘नगरपिते’ दिसायचे. आता तो शब्द जवळजवळ गेला आणि ‘नगरसेवक’ राहिला. नगरपिता हा शब्द मला कधीच पटला नाही. गाव आपल्याला मत देतं, आपण गावाचे बाप कसे? शिवाय त्याचं स्त्रीरूप कोणाला सुचलं नाही. नगरमाता म्हटलं तर देवीचं देऊळ वाटतं. नगरसेवकचं नगरसेविका सहज झालं, आणि बायका मोठ्या संख्येने निवडून यायला लागल्यावर तो शब्द घराघरांत पोचला. आधी एक तृतीयांश, मग २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा सत्काराच्या पत्रिकेवर माझं नाव होतं आणि त्याखाली माझ्या यजमानांचा फोटो. सभेच्या दिवशी शिपाई विषयपत्रिका घरी आणून यजमानांच्या हातात द्यायचा. त्यासाठी गावाने शब्दही काढला होता, ‘नगरसेवकपती’. मी पहिल्याच महिन्यात मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलं की विषयपत्रिका सदस्याच्या सहीनेच द्यावी. ऐनवेळच्या विषयांत काय काय मंजूर होऊन जातं हे ज्याने सभा पाहिली त्याला माहीत आहे. विषयपत्रिका आधी वाचली नसेल तर सभेत हात वर करण्यापलीकडे काही उरत नाही. दुसऱ्या वेळी निवडून आले तेव्हा तो शब्द निदान माझ्याबाबतीत कोणी वापरला नाही.

तर ताई, माझं मत: मथळ्यात ‘नगरसेवक’ लिहा, कारण आजच्या वाचकाला तोच कळतो. आणि मजकुरात एकदा तरी ‘मेंबर’ येऊ द्या. तो अण्णांच्या काळाचा आणि अण्णांच्या तोंडचा शब्द आहे.

जुनी पेठ

नळकोंडाळं यांनी ‘मेंबरकी’ लिहिलं, त्यावरून सुचलं. आमदारकी, खासदारकी, मेंबरकी म्हणतो. नगरसेवकाला मात्र ‘नगरसेवकपद’ म्हणतो, ‘की’ लावलेली मी ऐकली नाही. हा ‘की’ पाटीलकीतला. पाटीलकी हे वतन होतं, बापाकडून मुलाकडे जायचं. म्हणून ‘आमदारकी त्यांच्या घरात आहे’ हे वाक्य आपल्याला खटकत नाही, शब्दच वतनाच्या साच्यातला आहे. अण्णांच्या परिचयात ‘आमदारकी’ नको असं मला वाटतं. ‘विधानसभेचे सदस्य होते’ लिहा. विधिमंडळाच्या कामकाजात नावापुढे वि.स.स. लिहितात, तेच त्याचं अधिकृत रूप. आमदार हा लोकांचा शब्द, तो मथळ्यात राहू दे.

आणि हो, विधान परिषदेच्या सदस्यालाही आपण आमदारच म्हणतो. तेव्हा सभागृहाचं नाव लिहायला विसरू नका. परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागांवर स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य मत देतात, म्हणजे नगरसेवक स्वतः आमदार निवडतात. पालिका आणि कायदेमंडळ यांचं नातं तसं जुनं आहे. लोकमान्य टिळक १८९५ साली पुणे म्युनिसिपालिटीत आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले होते. गोखले कौन्सिलात गेल्यानंतर पुणे म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. वर जाऊन पुन्हा गावच्या कामाला येण्यात त्या काळी कमीपणा नव्हता.

सीमाभाग

त्याचं अलीकडचं उदाहरण मालेगावचं. निहाल अहमद बरीच वर्षं तिथले आमदार होते, विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले, आणि मालेगाव महानगरपालिका झाल्यावर तिचे पहिले महापौर. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांचा. पौर म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. त्यात ना पिता आहे, ना पती, ना सेवक, आणि बाई असो वा पुरुष, शब्द बदलावा लागत नाही. पदांच्या नावांत मला तो सर्वांत नेटका वाटतो.

उलट ‘उपनगराध्यक्ष’ पाहा. उप अधिक नगराध्यक्ष की उपनगराचा अध्यक्ष? लिहिताना तोडता येत नाही, बोलताना ‘उप’नंतर किंचित थांबावं लागतं. ‘लोकनियुक्त नगराध्यक्ष’ हाही विचार करण्यासारखा. नियुक्त म्हणजे नेमलेला. थेट लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला, जसा २०१६ साली कायद्याने झाला, ‘लोकांनी नेमलेला’ म्हणायचं. मला सुरुवातीला हा शब्द चुकीचा वाटायचा. आता वाटतं, नेमलेल्याला काढताही येतं, हे त्यात सुचवलेलं आहे.

नळकोंडाळं

शेवटचं एक. निवडणूक हा शब्द निवडण्यापासून, तांदूळ निवडतो तेच निवडणं. माझ्या पहिल्या मतदानाच्या दिवशी मला घरात बसवेना, म्हणून सासूबाईंनी पुढ्यात तांदळाचं ताट ठेवलं. “निवड,” म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत दोन पायली तांदूळ निवडले.

आणि आपली क्रियापदं किती थेट आहेत! माणूस निवडणुकीला उभा राहतो. कोणी समजूत घातली की बसतो. निवडून येतो नाहीतर पडतो. दुसऱ्यांनी ठरवून केलं तर त्याला पाडतात. ताई, तुमच्या पहिल्या परिच्छेदात तुम्ही स्वतः ‘पडले’ लिहिलंय. प्रूफात काय आहे?

कृष्णाकाठ

प्रूफात ‘पराभव पत्करावा लागला’ होतं. तुमचा प्रश्न वाचून आज सकाळी मजकूर पुन्हा अण्णांपुढे ठेवला आणि मोठ्याने वाचला. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. पहिलं तिथेच: “पत्करला नव्हता कोणी. पडलो. पडले लिही.”

दुसरं ठिकाण मला दिसलंच नव्हतं. मी लिहिलं होतं, ‘विधानसभेवर निवडून आले’ आणि ‘पुन्हा नगरपालिकेवर निवडून गेले’. ते म्हणाले, “उलटं झालंय. विधानसभेवर माणूस जातो. मुंबईला जातो, नागपूरच्या अधिवेशनाला जातो. पालिकेत येतो.” मग पेन मागून त्यांनी स्वतःच ‘आले’ आणि ‘गेले’ यांची अदलाबदल केली. हात थरथरतो, त्यामुळे बाण वाकडा आलाय.

आता मजकूर असा जातो आहे:

‘नगरसेवक (तीन वेळा, आणि विधानसभेनंतर पुन्हा एकदा), माजी नगराध्यक्ष, विधानसभेचे माजी आमदार. वेशीजवळच्या नळकोंडाळ्याचा ठराव मांडणारे मेंबर म्हणून गाव त्यांना ओळखतं. विधानसभेवर निवडून गेले, पुढच्या निवडणुकीत पडले, आणि पुन्हा नगरपालिकेत निवडून आले.’

कंसातला मजकूर लांबतोय असं छापखान्याचं म्हणणं आहे. फोटो थोडा लहान करायला सांगितलाय.