परदेशातल्या संसारासाठी तुळशीबाग बांधून नेऊ नका

पौडफाटा
लग्नसराई उरकली की आमच्या ओळखीत दर वर्षी हाच प्रकार. नवी जोडी म्युनिकला नाहीतर स्टुटगार्टला निघालेली, आणि दोन्हीकडच्या आया तुळशीबाग, बोहरी आळी पालथी घालतायत. दोन कुकर, मिक्सर, पोळपाट, सांडशी, झारा, इडलीपात्र. एका घरी तर खलबत्तासुद्धा पाहिला. २३ किलोच्या बॅगेत खलबत्ता!

माझं मत: एक छोटा कुकर, एक लाटणं, मिसळणाचा डबा. बस्स. जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवायच मिळतं. म्हणजे ओटा नाही, कपाटं नाहीत, कधीकधी सिंकही नाही. नळाची तोंडं तेवढी भिंतीतून बाहेर आलेली. ते सगळं आपण विकत घ्यायचं किंवा आधीच्या भाडेकरूकडून. तोवर दोन बर्नरची विजेची शेगडी जमिनीवर नाहीतर टेबलावर. तिथे इडलीपात्र काय करणार?

आणि खरा मुद्दा वेगळाच आहे. बॅग भरते मुलीची आई, सूचना मिळतात मुलीला, कुठला डबा कुठे हे माहीत मुलीलाच. म्हणजे विमान उडायच्या आधीच स्वयंपाक कोणी करायचा ते ठरलं. रिकाम्या स्वयंपाकघरात दोघंही सारखेच नवशिके. ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी खरं तर आईच्या स्वयंपाकघरावर लावायला हवी.

मंडईवाली काकू
पाटी छान आहे, हिशोब चुकलाय. शेगड्या दोनच आहेत ना? मग छोटा नाही, पाच लिटरचा कुकर हवा. खाली वरण, वर भात, कडेला दोन बटाटे, सगळं एका शेगडीवर. दुसरीवर भाजी. छोट्या कुकरात डबे बसत नाहीत, मग आधी वरण, मग ते काढून भात, तोवर वरण गार. जागा आणि भांडी कमी असतील तेव्हाच मोठा कुकर लागतो. हे ज्याने रोज रांधलंय त्यालाच कळतं.

शिवाय म्युनिकचं पाणी जड. तूरडाळ उघड्या भांड्यात तासभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकरात चिमूटभर खायचा सोडा घाला, मऊ होते. आणि रिंगा दोन जादा न्या. तिथल्या कुकरच्या रिंगा आपल्या कुकरला बसतीलच असं नाही.

तीनफेज
काकूंना अनुमोदन, एका अटीवर. बोहरी आळीत जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. कुकरच्या बुडाला चिकटलं तरच इंडक्शनवर चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्या शेगडीला दिसतच नाही. काचेच्या साध्या शेगडीवर चालतो, पण बूड सपाट हवं. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा घरीच ठेवा.

मिक्सर मात्र न्याच. जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. फक्त प्लगला अॅडॉप्टर लागतो, आणि तो अर्थिंगवाला घ्या. अमेरिकेला जाणाऱ्यांनी नेऊ नये, तिथे १२० व्होल्ट. जर्मनीतले ब्लेंडर फळांचा रस काढायला ठीक, सुकं खोबरं वाटायला घातलं तर नुसतं कडेला उडतं.

पौडफाटा
@तीनफेज, रविवारी सकाळी मिक्सर लावून बघा. रविवारी अख्खा दिवस शांतता पाळायची असते, रात्री दहानंतरही. शेजारी दारावर चिठ्ठी लावतात, आणि पुणेरी पाटीपेक्षा तिखट. दाण्याचं कूट पिशवीत घालून लाटण्याने होतं. आलं-लसूण किसणीवर होतं. दोघांच्या आमटीला वाटण लागतं किती?

@काकू, तूरच कशाला? मसूरडाळ तिथल्या साध्या सुपरमार्केटात मिळते आणि उघड्या भांड्यात वीस मिनिटांत शिजते.

मंडईवाली काकू
रोज मसूर खाऊन दाखवा, मग बोलू.

नवा_गडी
मी सध्या तिथेच आहे, लग्नाला वर्ष व्हायचंय. पौडफाटांचं पटतं. आमच्याकडे सुरुवातीला एक पातेलं, एक तवा आणि एक सुरी होती. बायकोला पोळ्या येत नव्हत्या, मलाही नाही. त्यामुळे ‘तू कर, तुला येतं’ म्हणायची सोयच नव्हती. पोळ्या आता मी करतो. पिठाचं एक सांगतो: पाकिटावर ४०५ लिहिलेलं म्हणजे आपला मैदाच. आकडा वाढेल तसा कोंडा जास्त. मी १०५० घेतो, नाहीतर इंडियन स्टोअरमधली कणीक. फुलका मात्र विसरा, ज्योतच नाही. घडीची पोळी करा.

शनिवारपेठी_सून
इथे सगळ्यांना रिकामं स्वयंपाकघर फारच गोड वाटतंय. मी त्यात दिवस काढलेत, म्हणून लिहिते.

नवरा नोकरीवर आलेला, मी त्याच्या मागून. कामाची परवानगी मलाही होती, पण भाषा येत नसेल तर नोकरी लगेच मिळत नाही. तो सकाळी ऑफिसला. तिथे कँटीन, गरम जेवण, माणसं. मी घरात, एक पातेलं आणि टोमॅटोही न कापणारी सुरी घेऊन. म्हणे दोघं सारखेच नवशिके! दिवसभर घरात जो असतो तोच रांधतो, भांडी कितीही असोत. बॅग हलकी केली म्हणून नवरा कणीक मळायला बसत नाही. वरच्या नव्या गड्याचं कौतुक आहे, पण त्याच्या बायकोला नोकरी होती की नाही हे त्याने लिहिलेलं नाही.

आणि ताप आला तेव्हा काय खाल्लं? आईने कोंबलेलं मेतकूट आणि भात. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ यांना वजन असतं किती? भांड्यांवरून भांडा, पण मसाल्याच्या पुड्यांना हात लावू नका.

नवा_गडी
नोकरी आहे तिला. प्रश्न रास्त आहे.

डबेवाला_नव्हे
पुड्या न्या, पण साजूक तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. सापडलं की कचऱ्यात. ताजा कढीपत्ताही नाही. दुबईला जाणाऱ्यांनी खसखस चुकूनही नेऊ नये, तिथे ती बेकायदा आहे.

तुपाचं दुःख करू नका. तिथे बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वडीत मिळतं, आणि विरजण लावलेल्या सायीचं वेगळं मिळतं. ते घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं. आधी तडतड आवाज येतो, तो थांबत आला की लक्ष ठेवा. बेरी तळाला जाऊन बदामी झाली की लगेच बंद. विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून पातेलं खाली उतरवा, नाहीतर बेरी काळी पडते. एका वडीचं साधारण २०० ग्रॅम तूप होतं, आणि वास थेट घरच्या कढवलेल्या लोण्याचा. श्रीखंडाला चक्का टांगायची गरज नाही, क्वार्क आणा, म्हणजे तिथलं चक्क्यासारखं मऊ ताजं चीज.

पौडफाटा
@शनिवारपेठी_सून, मेतकुटाला माझा विरोध नाहीच. मिसळणाचा डबा मीच यादीत घातलाय, त्याच्या शेजारी पुड्या बसतात. पण त्या त्याच्या बॅगेत जाऊ देत. आणि तापात मेतकूट-भात कालवून कोण देणार, हे त्याच्या आईने त्याला निघायच्या आधी सांगावं. मुलीच्या आईने मुलीला नव्हे.

शनिवारपेठी_सून
सांगितलं तर उत्तमच. माझ्या सासूबाईंनी त्याच्या बॅगेत घातलं होतं तेही सांगते: बाकरवडी, आणि ‘जेवणाचे हाल करून घेऊ नकोस’ असा निरोप.

मंडईवाली काकू
मी मुलाचीच आई आहे, म्हणून हा धागा वाचत होते. पुढच्या महिन्यात जोडी निघतेय. रविवारी त्यालाच बोहरी आळीत नेते, लोहचुंबक घेऊन. जायच्या आधी वरण-भात लावायला शिकवतेच. कुकर पाच लिटरचाच घेणार.