लेखापरीक्षक आणि योजना विश्लेषक यांच्या एकत्रित पथकाचे पर्यवेक्षण कसे करावे?

वारणाकाठ (सांगली) – प्रश्न

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील ग्रामपंचायतींची तपासणी करणाऱ्या एका पथकाची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. पथकात वर्षानुवर्षे कीर्द, प्रमाणके आणि मोजमाप पुस्तिका तपासत आलेले लेखापरीक्षक आहेत आणि त्यांच्या जोडीला योजनांच्या मूल्यमापनासाठी कंत्राटी पद्धतीने घेतलेले तरुण विश्लेषक आहेत. दोन्हीकडची मंडळी मनापासून काम करतात. परंतु एकाच गावाला जाऊन आल्यावर त्यांचे अहवाल मात्र दोन निराळ्या गावांचे वाटतात.

उदाहरण सांगतो. जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात जलजीवन मिशनच्या नळयोजनेची तपासणी झाली. लेखापरीक्षकांनी अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयके आणि मोजमाप पुस्तिका पाहिल्या, रकमा जुळल्या आणि पाच हजारांवरील एका पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट नाही, यासारखे किरकोळ मुद्दे काढून त्यांनी काम संपवले. विश्लेषकाने वस्त्यांवर फिरून ‘योजना अपयशी ठरली असून शेवटच्या वस्तीला पुरेसे पाणी मिळत नाही’ असे लिहिले. लेखापरीक्षक विचारतात की, ‘पुरेसे नाही’ याला आधार काय? विश्लेषक विचारतात की, पाणीच येत नसेल तर रकमा जुळून उपयोग काय? मला दोघांचेही म्हणणे पटते आणि अहवालावर सही मात्र माझी असते.

आणखी दोन गोष्टींविषयी मार्गदर्शन हवे आहे. पथकातील कर्मचाऱ्यांच्या कामगिरीचे गोपनीय अहवाल लिहिताना त्यांनी किती आक्षेप काढले आणि किती रक्कम वसूलपात्र दाखवली, हेच पाहण्याची आमच्याकडे प्रथा आहे. ती मला योग्य वाटत नाही, पण तिच्या जागी काय पाहावे? आणि एखादा मुद्दा सौम्य करावा किंवा सोडून द्यावा अशी विनंती बाहेरून येते, तेव्हा पथकातील माणसांचा विश्वास न गमावता निर्णय कसा घ्यावा?

माणदेशी (सातारा) – प्रतिसाद

मी याच कामातून निवृत्त झालो आहे आणि माण, खटाव, फलटण या तालुक्यांत बराच काळ पथकप्रमुख म्हणून फिरलो आहे. आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या दोन्ही गटांमधला वाद गावातून परतल्यावर सुटणार नाही. तो दौऱ्यावर निघण्यापूर्वीच सोडवावा लागतो. कोणत्याही निष्कर्षाला निकष, वस्तुस्थिती, कारण आणि परिणाम असे चार आधार लागतात. लेखापरीक्षकाचा निकष नियमात आणि मंजूर अंदाजपत्रकात लिहिलेला असतो, म्हणून तो ठाम बोलतो. विश्लेषकाचा निकषही लिहिलेलाच असतो, फक्त तो योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असतो आणि बहुतेक वेळा तो कोणी सोबत नेत नाही. जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज किमान 55 लिटर पाणी घरातील नळाने द्यायचे आहे. हा आकडा तपासणी आराखड्यात आधी लिहून ठेवला, तर ‘पुरेसे नाही’ हे मत राहत नाही, ती मोजण्याची गोष्ट होते.

आणि ती मोजता येते. आपल्या विश्लेषकाला शेवटच्या वस्तीवरील नळाखाली 15 लिटरची बादली ठेवून घड्याळ लावायला सांगा. समजा, बादली भरायला 3 मिनिटे लागली, पाणी 40 मिनिटे चालले आणि ते एक दिवसाआड येते. म्हणजे एका पाळीला 200 लिटर, दिवसाला सरासरी 100 लिटर आणि घरात पाच माणसे असतील तर दरडोई 20 लिटर. हे मोजमाप ग्रामसेवक आणि त्या घरातील व्यक्ती यांच्या समोर करावे, पंचनामा लिहावा, तारीख व वेळ टाकावी आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. एका घरावर थांबू नये. टाकीजवळचे, मधले आणि शेवटचे अशी घरे आधीच ठरवून घ्यावीत, म्हणजे सोयीची घरे निवडल्याचा आरोप होणार नाही.

आता खरे एकत्रित काम सुरू होते. 20 लिटरच का येतात, हे शोधण्यासाठी पुन्हा लेखापरीक्षकाच्याच दप्तरात यावे लागते. शेवटच्या टप्प्यातील वाहिनीचा व्यास अंदाजपत्रकात किती आहे आणि मोजमाप पुस्तिकेत किती नोंदवला आहे, उद्भवाच्या (म्हणजे योजनेच्या पाण्याच्या स्रोताच्या) क्षमतेची चाचणी कोणत्या महिन्यात घेतली, पंपाचे वीजबिल भरले आहे का, हे सगळे कागदांवरच सापडते. जत किंवा माणसारख्या तालुक्यात भर पावसाळ्यात घेतलेल्या चाचणीवर मे महिन्याची योजना उभी केली असेल, तर देयके बिनचूक असूनही तो गंभीर मुद्दा आहे, आणि तो एकट्या लेखापरीक्षकाला किंवा एकट्या विश्लेषकाला पूर्ण मांडता आला नसता.

‘परिणाम पाहणे हे आपले काम नाही’ असे ज्येष्ठ सहकारी म्हणत असतील, तर त्यांना जलयुक्त शिवार अभियानावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल वाचायला द्यावा. 2020 मध्ये विधिमंडळासमोर ठेवलेल्या त्या अहवालात साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च तर पाहिलाच, पण त्यातून गावाची पाण्याची गरज भागली का आणि भूजल पातळी वाढली का, हेही तपासले. काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता ही तिन्ही अंगे लेखापरीक्षणाचीच आहेत.

गोपनीय अहवालाविषयी माझे मत स्पष्ट आहे. आक्षेपांची संख्या मोजली की महसूल तिकिटाचे मुद्दे वाढतात आणि वाहिनीचा व्यास कोणी मोजत नाही. त्याऐवजी काढलेल्या आक्षेपांपैकी किती पहिल्याच अनुपालनात (म्हणजे आक्षेपांना आलेल्या लेखी उत्तरात), तेही तपासणीच्या दिवशी दप्तरात असलेला कागद दाखवून, वगळावे लागले हे पाहा. माणूस कागद नीट वाचतो की नाही, हे त्यावरून कळते. अर्धसमास (उत्तरासाठी दिले जाणारे प्राथमिक आक्षेपपत्र) पथकाबाहेर जाण्यापूर्वी तो लिहिणाऱ्याला शेजारी बसवून, पुरावा उघडून, एकेक वाक्य त्याच्याशी ताडून पाहा. वेळ जातो, परंतु पर्यवेक्षणाचा गाभा हाच आहे; बाकीच्या बैठका कमी केल्या तरी चालतील.

मुद्दा सोडण्याबाबत एकच पथ्य पाळावे. सोडलेल्या मुद्द्यावरही आपली सही असली पाहिजे. कनिष्ठाने नोंदवलेली बाब वगळायची असेल, तर तिच्या कार्यपत्रावर (तपासणीच्या नोंदीच्या कागदावर) कारण लिहावे, कोणत्या कागदाच्या आधारे वगळली ते लिहावे आणि तारीख घालावी. कारण लिहिता येत नसेल तर मुद्दा वगळू नये. विनंती घेऊन येणाऱ्यांनाही हेच सांगावे की, लेखी खुलासा आणि कागद द्या, ते जोडून निर्णय होईल. निर्णय कोणत्याही बाजूने झाला तरी पथकाला तो कागदावर दिसतो.

कोयनाकाठ (कराड) – प्रतिसाद

मी स्वतः योजना विश्लेषक म्हणून काम करते. माणदेशी सरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, परंतु एका बाबतीत मला वेगळे वाटते. आमचा प्रत्येक निष्कर्ष अर्धसमासाच्या साच्यात घातला की तो उत्तरासाठी ग्रामसेवकाकडे जातो. उद्भव चुकीचा निवडला गेला असेल किंवा वाहिनीचा आराखडाच कमकुवत असेल, तर ग्रामसेवक त्याचे काय अनुपालन करणार? तो ‘नोंद घेतली आहे’ असे लिहून पाठवतो आणि मुद्दा तिथेच विरतो. असे निष्कर्ष अनेक गावांचे एकत्र करून जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे, आणि योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची असेल तर तिकडे, जायला हवेत. निष्कर्षाचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे ठरवणे पर्यवेक्षकाच्याच हातात असते.

दुसरे म्हणजे, गावात पहिल्या दिवशी तरी आम्हाला लेखापरीक्षकांसोबत पाठवू नये. दप्तर तपासणारे पथक बरोबर दिसले की लोक मोकळेपणाने बोलत नाहीत, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायका. आम्ही आधी वस्त्यांवर जावे, दुसऱ्या दिवशी सर्वांनी एकत्र बसावे आणि मग पंचनाम्याचे मोजमाप करावे, हा क्रम अधिक उपयोगी पडतो.

माणदेशी (सातारा) – प्रतिसाद

मॅडम, दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या मुद्द्यावर एवढेच म्हणेन की, ग्रामपंचायतीला वगळून थेट वर पाठवू नये. वस्तुस्थिती खरी आहे की नाही याचे उत्तर तिच्याकडून आधी लेखी घ्यावे आणि कारणाचे उत्तर विभागाकडून मागावे. अन्यथा विभाग पहिल्याच पत्रात वस्तुस्थितीच नाकारतो आणि सहा महिने त्यात जातात.

वारणाकाठ (सांगली) – प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पुढील दौऱ्याच्या आराखड्यात प्रत्येक योजनेपुढे निकष आणि त्याचा संदर्भ लिहिण्यासाठी रकाना ठेवत आहे आणि वस्त्यांची भेट दप्तर तपासणीच्या आदल्या दिवशी घेत आहे. एक शंका उरते. आमच्या विश्लेषकांचा करार मार्चअखेर संपतो आणि अनुपालन त्यानंतर येते. तेव्हा त्यांच्या निष्कर्षाचा बचाव कोणी करायचा?

कोयनाकाठ (कराड) – प्रतिसाद

सर, याचा आम्हालाही नेहमी त्रास होतो, कारण आमच्या नोंदी आमच्याच लॅपटॉपवर आणि मोबाईलमधील छायाचित्रांत राहतात. पंचनाम्याची मूळ प्रत, छायाचित्रे, हिशेबाचा तक्ता आणि भेट दिलेल्या घरांची यादी गाव सोडण्याच्या दिवशीच कार्यपत्रांच्या संचिकेत पृष्ठक्रमांक टाकून लावून घ्या, आणि प्रत्येक विश्लेषकाच्या कामाला पथकातील एक कायम लेखापरीक्षक सहस्वाक्षरीकर्ता म्हणून नेमा. मोजमापाच्या वेळी तो स्वतः हजर असेल, तर जूनमध्ये आलेल्या खुलाशाला त्याला उत्तर देता येईल.