मदत हवी आहे : नडगीतला रॉड काढून रिंग बसवावी का?

ऊसपट्टा
माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या पायाची नडगी अपघातात मोडली होती आणि तिच्यात रॉड बसवलेला आहे. आता तेथून पू येऊ लागला आहे. एका डॉक्टरांच्या मते रॉड काढून रिंग (पायाभोवती बाहेरून बसवून तारांनी हाडाला जोडलेली कड्यांची चौकट) बसवावी लागेल, तर दुसऱ्यांनी गोळ्या बदलून महिनाभर थांबायला सांगितले आहे. घरात रोज वाद होतात, भाऊ पार कंटाळला आहे आणि येत्या आठवड्यात निर्णय घेणे भाग आहे. रिंगने पाय खरोखर बरा होतो का, एवढेच अनुभवी लोकांनी कृपया स्पष्ट सांगावे.

मेधा_कऱ्हाड
अपघात कधी झाला, तेव्हा हाड कातडी फाडून बाहेर आले होते का, भावाचे वय किती, मधुमेह आहे का आणि तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय आहे का, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार? मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम केलेले आहे. तेथे पहिल्या पाच मिनिटांत हेच प्रश्न विचारले जातात.

रानवारा
रॉड, रिंग यांच्या मागे न लागता एखाद्या जाणत्या हाडवैद्याचा लेप लावून पाहावा, असे मला मनापासून वाटते. माझ्या मामांचे मनगट केवळ पट्टी आणि लेपाने सरळ झाले आणि आज ते दोन्ही हातांनी धार काढतात.

मेधा_कऱ्हाड
रानवारा, मामांच्या मनगटाला जखम नव्हती आणि आत धातूही नव्हता. येथे पू वाहतो आहे. अशा जखमेवर लेप लावून घट्ट पट्टी बांधली तर पू आतच कोंडतो, म्हणून कृपया हा सल्ला येथे देऊ नका.

ऊसपट्टा
मला वाटले होते की रॉड आणि पू एवढे सांगितले म्हणजे पुरे. गेल्या गळीत हंगामात रात्री तो मोटारसायकलवरून येत असताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. हाड बाहेर आले होते आणि जखमेत माती गेली होती. वय अठ्ठावीस, मधुमेह नाही, तंबाखू खातो आणि सिगारेटही ओढतो. गोळ्या चालू असल्या की पू थांबतो आणि बंद केल्या की आठवड्याभरात पुन्हा सुरू होतो. आता तरी कोणी उत्तर देईल का?

अस्थिशल्य
मी अस्थिशल्यचिकित्सक आहे. रुग्णाला न तपासता निर्णय सांगता येणार नाही, परंतु गाडी नेमकी कुठे अडली आहे ते सांगतो. धातूच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करून राहतात आणि त्या थरात औषध पुरेसे शिरत नाही; म्हणूनच गोळ्या थांबवल्या की पू परत येतो. त्यामुळे नुसत्या गोळ्या बदलून हा प्रश्न मुळातून सुटण्याची शक्यता कमी आहे. मात्र पुढे काय करायचे हे हाड जुळले आहे की नाही यावर ठरते. ते पक्के जुळले असेल तर रॉड काढून, हाडाची पोकळी आतून खरवडून आणि धुऊन काम भागू शकते, रिंगची गरजही पडत नाही. जुळले नसेल तर मेलेले हाड काढावे लागते आणि जी फट उरते ती भरून कशी काढायची, हा खरा पेच असतो. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेंत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी तीन सांधलेल्या दिसल्या तर हाड जुळले असे आम्ही साधारणपणे धरतो आणि शंका असेल तर सीटी स्कॅन करतो. तो झाला आहे का? पुवाचे कल्चर, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत याची तपासणी, केली आहे का, आणि केले असेल तर नमुना कुठून घेतला?

नदीकाठ
माझ्या वडिलांना नेमका हाच त्रास होता आणि रिंगनेच त्यांचा पाय वाचला, म्हणून मी ठामपणे सांगतो की रिंगच बसवा. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव यांनी 1950च्या दशकात ही पद्धत विकसित केली. निरोगी भागात हाड कापून तो तुकडा दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने फटीकडे सरकवतात आणि मागे नवे हाड तयार होत जाते. त्यासाठी रिंगवरचे नट दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर, असे फिरवायचे असतात. कोणता नट किती फिरवला याचा घोळ होऊ नये म्हणून आई प्रत्येक नटावर नेलपॉलिशचा ठिपका देत असे आणि वहीत वेळ लिहीत असे. वडील आज शेतात जातात.

पाऊलवाट
नदीकाठ, तुमच्या वडिलांना बरे वाटले याचा आनंद आहे, परंतु प्रत्येकाने पाय वाचवण्यासाठी वर्षे घालवावीत असे सुचवणे मला मान्य नाही. माझ्यावर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, नोकरी गेली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढला. त्यानंतर कृत्रिम पाय लावून मी कामावर परतलो. हा पर्यायही कुटुंबाला ठाऊक असलाच पाहिजे.

ऊसपट्टा
पाय काढण्याचे आम्हाला कोणीही सांगितलेले नाही. कृपया तो विषय येथे नको, भाऊही हा धागा वाचतो आहे.

अस्थिशल्य
पाऊलवाट यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते या रुग्णाला आज लागू होत नाही. अमेरिकेतील आठ अपघात केंद्रांमध्ये पायाला गंभीर इजा झालेल्या 569 रुग्णांचा अभ्यास झाला होता आणि त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. पाय वाचवलेले आणि पाय काढलेले, अशा दोन्ही गटांची दोन वर्षांनंतरची कार्यक्षमता जवळपास सारखी होती. मात्र पाय वाचवलेल्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त होते आणि दोन्ही गटांत साधारण निम्मेच लोक कामावर परतले होते. पाय वाचवण्याचा रस्ता लांबचा असतो, हे त्यातून आधीच समजून घ्यावे. पण तळव्याला संवेदना असेल आणि रक्तपुरवठा चांगला असेल, तर अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाच्या बाबतीत पाय वाचवण्याचाच विचार आधी करतात.

शिवारकर
माझ्या मांडीतला रॉड हाड जुळल्यानंतरही तसाच ठेवला आहे आणि काही त्रास नाही. जुळलेल्या हाडातला रॉड प्रत्येकाने काढलाच पाहिजे असे नाही.

मेधा_कऱ्हाड
शिवारकर, तुमच्या रॉडला जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे तुमचा अनुभव या प्रश्नाला लागू पडत नाही.
ऊसपट्टा, शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना (रुग्णांना योजनेची मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) भेटा आणि तुमच्या भावाची शस्त्रक्रिया व रिंगचा खर्च योजनेत बसतो का, हे विचारा. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

ऊसपट्टा
सीटी स्कॅन झाला. पुढची कड थोडी सांधलेली आहे, मागची आणि बाहेरची अजिबात नाही, आणि मधला एक तुकडा मेलेला असावा असे लिहिले आहे. कल्चर जखमेच्या तोंडावरून कापसाच्या बोळ्याने घेतले होते, तेही गोळ्या चालू असताना. आता रिंग हा एकच मार्ग उरतो का?

अस्थिशल्य
एकच नाही. मेलेला तुकडा काढून त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवायचा, त्याभोवती सहा ते आठ आठवड्यांत पडदा तयार झाला की सिमेंट काढून कमरेचे हाड भरायचे, ही फ्रेंच सर्जन मास्केले यांची पद्धत लहान फटीसाठी चांगली आहे. फट मोठी असेल तर रिंग अधिक भरवशाची ठरते, परंतु एका सेंटिमीटरमागे साधारण दीड महिना किंवा त्याहून अधिक काळ ती पायावर राहील असे धरून चाला. नडगीच्या पुढच्या-आतल्या बाजूला हाडावर जवळजवळ कातडीच असते, म्हणून जखम झाकायला पोटरीचा किंवा दुसरीकडचा स्नायू आणावा लागेल का, हे प्लास्टिक सर्जनना त्याच भेटीत विचारा. भावाला ताप नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रतिजैविके सुमारे दोन आठवडे थांबवून, शस्त्रक्रियेच्या वेळी खोलातून अनेक ठिकाणचे नमुने घ्यावेत. वरवरच्या बोळ्यात कातडीवरचेच जंतू येतात. तंबाखू आणि सिगारेट आजपासून बंद, कारण निकोटीनमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो.

नदीकाठ
रिंग बसलीच तर पहिल्या दिवसापासून पाऊल वर ओढण्याचा व्यायाम करून घ्या आणि झोपताना तळव्याला आधार द्या. वडिलांचे हाड जुळले, पण घोटा खाली झुकलेला राहिल्यामुळे टाच टेकायला त्यांना पुढे बराच काळ फिजिओथेरपी घ्यावी लागली.

ऊसपट्टा
दोन्ही पद्धती करणाऱ्या सर्जनची वेळ घेतली आहे आणि हे सर्व प्रश्न लिहून नेत आहे. सिगारेटचे पाकीट भावाने स्वतःहून माझ्याकडे दिले आहे. पाऊलवाट, तुमचा संपर्क त्याला हवा आहे, संदेश पाठवला आहे.