विभागणी पटली नाही
अ‍ॅनिमेशन मुलांसाठी आणि वेस्टर्न (अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतले बंदूक-घोड्यांचे सिनेमे) मोठ्यांसाठी, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. २०११चा 'रँगो' हा अ‍ॅनिमेशनपट बघा. नायक सरडा असला तरी गाव कोरडं ठणठणीत आहे आणि ज्याच्या हाती पाणी त्याच्याच हाती सत्ता. मामला अस्सल वेस्टर्नचाच! त्याचे दृश्य सल्लागार रॉजर डीकिन्स होते, २०१०च्या 'ट्रू ग्रिट' या वेस्टर्नचे छायालेखक. रखरखीत उन्हातून अंधाऱ्या गुत्त्यात शिरताना तो हात जाणवतो.

'ट्रू ग्रिट'मध्येही गोळीबारापेक्षा मला जास्त आवडतो तो चौदा वर्षांच्या मॅटीचा घोड्यांच्या व्यापाऱ्याशी चाललेला सौदा. ती कायद्याचा धाक घालते, तसूभरही हटत नाही आणि समोरचा पार मेटाकुटीला येतो. मुलांबरोबर बसून बघावा असा प्रसंग आहे हा.