पुढचा डिफरन्शियल : बोल्ट जुळले म्हणून रेशो जुळतोच असं नाही

जुन्या फोर-व्हील जीपला भंगारातला पुढचा डिफरन्शियल (लांब शाफ्टची फिरकी चाकांना देणारा गिअरचा संच) घरीच बसवायचा, बोल्ट जुळतायत, मग झालं, असं कोणी म्हणेल. थांबा जरा. पुढचा आणि मागचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो एकच लागतो. क्राऊन (आतला मोठा गिअर) 43 दात, पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) 8 दात म्हणजे 5.38, क्राऊन 39 असेल तर 4.88. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

माझ्या जीपला साताऱ्यात एकाने 'तोच आहे हो' म्हणून दुसराच दिला होता. यवतेश्वर घाटात, कोरड्या डांबरावर, फोर-व्हील टाकली (म्हणजे चारही चाकांना जोर दिला) आणि पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडून गाडी आखडली. लिव्हर काही केल्या निघेना! शेवटी मागचं चाक जॅकवर उचललं, तेव्हा कुठे ताण सुटला.

न खोलता मोजायचं तर गाडी टू-व्हीलमध्ये ठेवा, पुढची चाकं उचला, लॉकिंग हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी कळ) असतील तर लॉक करा. एक चाक धरून ठेवायचं, दुसरं दोन फेरे फिरवायचं. पुढच्या शाफ्टला खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. तोच रेशो. मागेही तसंच, फक्त गाडी न्यूट्रलला आणि पुढच्या चाकांना दगड.

क्राऊन-पिनियन मात्र जोडीनेच घ्या. शिमचं (गिअरमधलं अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचं) सेटिंग मी स्वतः करत नाही, जाणत्या मिस्त्रीकडे देतो. तिथे हौस महागात पडते.