‘स्वखुशीने काम सोडत आहे’: सही करावी का?

वाडीवरचा: शेजारच्या काकी ११ वर्षं वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात बिया फोडतात. परवा मालकाने १४ पैकी ५ बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. वर छापील कागद पुढे केला, ‘मी स्वखुशीने काम सोडत आहे’. सही केली तर ५ हजार रोख. काकींनी चष्मा घरी राहिला म्हणून वेळ मारून नेली. माझं म्हणणं, सही करूच नये. वर्षभर सलग काम झालेल्याला कमी करायचं तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ११ वर्षांचे १६५ दिवस. रोज ३०० धरला तर ४९,५००. स्वखुशीने सोडलं की यावर पाणी.

कारखानदाराचा भाचा: बोलायला सोपं आहे. गावठी बी संपली की आफ्रिकेची विकत घ्यायची. गर विकला जात नाही तोवर पैसा अडकलेला. पाच जणींना अशी रक्कम दिली तर उरलेल्या नऊ जणींचा पगार कुठून काढायचा? मामा ५ हजार तरी देतोय, बाकीचे तेही देत नाहीत.

वाडीवरचा: मग कागदावर खरं कारण लिहा ना. धंदा मंदावला म्हणून कमी केलं, असं. ‘स्वखुशीने’ कशाला?

तळकोकणी: कायदो बरो आसा, पण कोर्टाक कोण जातलो? तारखांनीच जीव जातलो. ५ हजार घेवन मोकळा व्हावा.

जुना युनियनवाला: आधी कोर्ट नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, कामगार खात्यात लेखी तक्रार. आणि ग्रॅच्युइटी विसरू नका, पाच वर्षं झाली असतील तर राजीनामा दिला तरी ती मिळते. खरी अडचण वेगळीच आहे. ‘वर्षभर सलग काम’ धरायला वर्षात २४० दिवस भरावे लागतात, ते भरले हे कामगारालाच दाखवावं लागतं, आणि हजेरीपट मालकाच्या कपाटात. पावसात काम बंद असायचं का?

कारखानदाराचा भाचा: तेच तर! जुलै-ऑगस्टला निम्मे दिवस बंदच.

वाडीवरचा: काकींना विचारलं. त्या रोज किती किलो फोडले ते वहीत लिहितात, तारखेसकट. काजूच्या टरफलातल्या चिकाने पानं काळी पडलीत, दोन-चार एकमेकांना चिकटलीत, पण आकडे वाचता येतात. गेल्या वर्षीचे मोजले, २६३ दिवस. सोमवारी वही घेऊन ओरोसला जातोय. आधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवतो.