कियुना 28.72, किंतेरो 27.66 : एवढा फरक आला कुठून?

सांचिन_पाय :
6 ऑगस्ट 2021 ची, टोकियो ऑलिम्पिकची, निप्पॉन बुदोकानमधली कराटेची पुरुष काता फायनल पुन्हा पाहिली (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, समोर प्रतिस्पर्धी नसताना करायचा). र्‍यो कियुना जपानचा, त्याचा काता ओहान दाई. समोर स्पेनचा दामियान किंतेरो. डोळ्यांना एवढी तफावत दिसत नाही, मग गुणांत 1.06 चा फरक कसा? आणि कियुनाची आधीची जागतिक सुवर्णं याच पद्धतीने मिळाली का?

पंचाची_खुर्ची :
1.06 हा फरक या पद्धतीत प्रचंड आहे. तेव्हा सात पंच 5.0 ते 10.0 मध्ये, 0.2 च्या टप्प्याने, दोन वेगळे गुण देत : तांत्रिक आणि शारीरिक. दोन्हींतले वरचे दोन, खालचे दोन उडवायचे. उरलेल्या तिघांची बेरीज तांत्रिकला 0.7 ने, शारीरिकला 0.3 ने गुणायची. कमाल 30.

म्हणजे मोजल्या गेलेल्या एका पंचाने तांत्रिकमध्ये एक टप्पा खाली दिला की 0.14 जात, शारीरिकमध्ये 0.06. 1.06 ची फोड करायची तर, उदाहरणार्थ, तांत्रिकचे पाच टप्पे (0.70) आणि शारीरिकचे सहा (0.36). टोकाचे गुण आधीच उडालेले, त्यामुळे एखाद्या पंचाच्या मर्जीने एवढं अंतर पडत नाही. मधल्या पंचांचंही तेच मत असावं लागतं.

आधीची पदकं मात्र झेंड्यांवरची. ब्रेमेन 2014, लिंझ 2016, माद्रिद 2018 : पाच पंच, सरस वाटेल त्याचा झेंडा वर, लाल किंवा निळा, बस. गुण 2019 पासून आले. नोव्हेंबर 2021 चं दुबईचं चौथं सुवर्ण गुणांवरचं, आणि तिथेही फायनलला किंतेरोच.

कमी_किआई :
तेव्हा पंच नेमकं बघत काय, तेही सांगायला हवं. तांत्रिकमध्ये पवित्रे, तंत्र, मधल्या हालचाली, लय, श्वास, किमे (तंत्राच्या शेवटी एकवटलेला जोर), शैलीशी इमान; शारीरिकमध्ये ताकद, वेग, तोल. टीव्हीवर ठोसा दिसतो, दोन ठोशांमधला पाय दिसत नाही. कियुनाची खरी कमाई तिथली. वळताना डोकं वरखाली होत नाही, आणि थांबला की थांबला. खांद्यात थरथर नाही.

नक्कल करणारे नेमके इथेच घसरतात. वेग आणायला टाच उचलतात, मग पवित्रा उंच होतो, तोल क्षणभर सुटतो, गुण जातात. जोर दाखवायला मुद्दाम पाय आपटणं, गी (कराटेचा पोशाख) थोपटणं, फुसफुस श्वास सोडणं हाही दोषच. पट्टा सैल होऊन कमरेवरून सरकला तरी दोष. गळून पडला तर थेट बाद. (कडक नवा पट्टा फायनलला बांधणाऱ्यांनी हे वाचावं.)

नाहा_ते_बुदोकान :
काताची निवडही बघा. जागतिक कराटे महासंघाच्या यादीतलाच काता घ्यावा लागे आणि पुढच्या फेरीत तो पुन्हा चालत नसे, म्हणून एकाच हुकमी कातावर ऑलिम्पिक निघत नाही. कियुना ओकिनावाचा, शैली र्‍युएई-र्‍यू. तिचे आनान, आनान दाई, पाइकू, हेइकू, पाचू, ओहान, ओहान दाई असे सात काता यादीत होते. गुरू त्सुगुओ साकुमोतो, 1984, 1986, 1988 चे जगज्जेते. ओकिनावाच्या खेळाडूचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण.

सांचिन_पाय :
0.14 चं गणित आता बसलं. सांघिक सुवर्णंही त्याचीच ना?

पंचाची_खुर्ची :
हो, 2016 आणि 2018, अराता किंजो आणि ताकुया उएमुरा यांच्यासोबत. तिथे पदकाच्या लढतीत काताला जोडून बुनकाई असे, म्हणजे त्याच हालचाली प्रत्यक्ष लढतीत कशा वापरायच्या ते दाखवणं.